सातपुड्याच्या पायथ्याची निहाली

जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. खानदेशातल्या जळगावशी गल्लत होऊ नये म्हणून जवळच्या जामोद गावाचे नाव त्याला जोडून घेतले जाते. १९०५ पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यातच होता. त्या वर्षी वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि तो बुलढाण्याकडे गेला. अकोल्याकडून इकडे येताना खारपाणपट्टा लागतो, पऱ्हाटी-तुरीची काळी शिवारे लागतात आणि मग सपाट रान संपून सातपुडा सुरू होतो. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर. पूर्वेकडे हीच रांग अकोटचा नरनाळा किल्ला अंगावर घेऊन अमरावतीच्या मेळघाटात शिरते.

या पायथ्याच्या जामोद, सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा, वसाली, चिचारी अशा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या गावांत एक भाषा बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. अभ्यासक तिला निहाली म्हणतात. ती बोलणारे निहाल लोक स्वतःला कल्टो म्हणवतात आणि आपल्या बोलण्याला कल्टो मंडी. अंदाजे दोन ते अडीच हजार माणसे ती बोलतात. पायथ्याच्या एखाद्या मोठ्या गावाची लोकसंख्याही याहून अधिक भरेल.

वऱ्हाडी माणसाला मराठीखेरीजच्या भाषा नवलाच्या नाहीत. धारणी-चिखलदऱ्याच्या बाजारात कोरकू कानावर पडते, यवतमाळकडे गोंडी आणि कोलामी, डोंगर ओलांडला की निमाडी. पण या सगळ्या भाषांना मोठे गणगोत आहे. वऱ्हाडी, मराठी आणि निमाडी यांचे मूळ संस्कृत-प्राकृताकडे जाते आणि तिथून पुढे फारसी, ग्रीक, रशियनपर्यंत. गोंडी आणि कोलामी या तेलुगू-तमिळच्या द्राविड कुळातल्या. कोरकूचे नाते तर थक्क करणारे आहे. ती मुंडा भाषांपैकी एक, म्हणजे झारखंडातल्या संताळी आणि मुंडारीची सख्खी बहीण. आणि मुंडा भाषा ज्या मोठ्या कुळात मोडतात, ते पूर्वेला थेट कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत पसरले आहे. तीन या संख्येला कोरकूत आफई म्हणतात, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत बेई आणि व्हिएतनामीत बा. चार म्हणजे कोरकूत उफुन, ख्मेरमध्ये बुओन, व्हिएतनामीत बोन. हजारो मैलांचे अंतर आणि हजारो वर्षांचा दुरावा असूनही घराणे ओळखू येते. या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे घर म्हणजे आपला मेळघाट आणि भोवतालचा सातपुडा.

आता हीच परीक्षा निहालीची घेऊन पाहा. पाण्याला कोरकूत डा म्हणतात, संताळीत दाक. निहालीत पाणी म्हणजे जोप्पो. डोळ्याला कोरकू मेड म्हणते, निहाली जिकी. कान कोरकूत लुतुर, निहालीत चिगम. नाक मू आणि चोन, विस्तव सिंगल आणि अप्पो. हे शब्द मराठीत नाहीत, गोंडीत नाहीत, कोरकूत नाहीत, भिलीतही नाहीत. आणि ही काही क्वचित लागणारी शब्दसंपत्ती नव्हे. डोळा, कान, नाक, पाणी, विस्तव हे शब्द मूल आईजवळ शिकते. कोणतीही भाषा शेजाऱ्याकडून बाजारहाटाचे, सरकारदरबारचे, देवधर्माचे शब्द आधी उचलते. शरीराच्या अवयवांचे आणि घरातल्या पाण्या-विस्तवाचे शब्द सर्वांत शेवटी बदलतात. म्हणून निहालीतले हे शब्द अभ्यासकांना इतके मोलाचे वाटतात. तिचा सर्वांत आतला गाभा कुठल्यातरी अज्ञात काळातून आलेला आहे.

गाभ्याभोवती मात्र शेजाऱ्यांच्या भाषांचे थरावर थर बसले आहेत. संख्याच पाहा. एक म्हणजे बिडुम, दोन इरार, तीन मोथो, चार नालो. इरार, मोथो, नालो ऐकताच तमिळ किंवा कन्नड येणाऱ्याचे कान टवकारतात, कारण हे उघडच द्राविड शब्द आहेत. कुत्र्यालाही निहालीत नाय म्हणतात, तमिळमध्येही नाय. पाचापासून पुढची मोजणी मराठी-हिंदीच्या वळणाने चालते. आज निहालीच्या आसपास कोणतीही दक्षिणी भाषा घरोघर बोलली जात नाही. मग हे शब्द आले कधी आणि कुठून? कधीकाळी या डोंगरपट्ट्यात द्राविड भाषा बोलणारे निहालांचे शेजारी असले पाहिजेत, एवढेच सांगता येते. त्या शेजाराची नोंद ना ताम्रपटात आहे ना बखरीत. ती दोन-तीन-चार मोजणाऱ्या निहाल बाईच्या तोंडी आहे.

निहालीची पहिली महत्त्वाची छापील नोंद १९०६ ची. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड त्या वर्षी निघाला. त्यात मुंडा आणि द्राविड भाषांचे काम नॉर्वेजियन विद्वान स्टेन कोनो यांनी केले होते. निमाडातून आलेल्या तुटपुंज्या नमुन्यावरून त्यांनी निदान केले, की ही मुळात कोरकूजवळची मुंडा बोली असावी, पुढे तिच्यावर द्राविड प्रभाव पडला आणि आता ती पुरती आर्य भाषा होण्याच्या काठावर आहे. कोनो मोठे विद्वान होते, पण हाताशी आलेल्या दोन-चार पानांवरून त्यांनी फार लांबचे भाकीत केले. त्याला सव्वाशे वर्षे होत आली. निहाली अजून काठ ओलांडून गेलेली नाही.

खरा कलाटणीचा क्षण १९५० च्या दशकात आला. भाषाशास्त्रज्ञ सुधिभूषण भट्टाचार्य बुऱ्हाणपूरकडच्या टेंबी गावी गेले, निहाली बोलणाऱ्यांसमोर बसले, शब्द आणि वाक्ये उतरवून घेतली आणि १९५७ साली ती टिपणे प्रसिद्ध केली. ती वाचून हॉलंडमधल्या लायडनचे संस्कृत पंडित एफ. बी. जे. कायपर चकित झाले. त्यांनी १९६२ मध्ये निहालीवर एक छोटेखानी तौलनिक ग्रंथ लिहिला. शब्द एकेक करून सोडवत गेल्यावर मोठा हिस्सा कोरकूचा निघाला, बराचसा मराठी-हिंदीचा, दहाव्या हिश्श्याहून थोडा कमी द्राविडांचा. आणि जवळपास एक चतुर्थांश शब्द असे उरले, की ज्यांना कुठेच ठाव लागेना. जगभरच्या भाषाशास्त्रात निहालीचे नाव झाले ते या चतुर्थांशामुळे.

त्याच ग्रंथात कायपर यांनी आणखी एक शक्यता मांडली आणि ती पुढे बराच काळ निहालीच्या मानगुटीवर बसली. निहाल पूर्वी डोंगरातले लुटारू म्हणून ओळखले जात, तेव्हा ही त्यांची मुद्दाम घडवलेली सांकेतिक बोली तर नसेल? ब्रिटिशांच्या कागदपत्रांत निहालांची गणना अशा टोळ्यांत केलेली सापडते, हे खरे. पण त्या काळी साहेबाच्या दफ्तरात डोंगरातल्या कोणत्या समाजाची गणना तशी झाली नव्हती? भिलांची झाली, कोळ्यांची झाली, पारध्यांची झाली. शिवाय चोरबोली कशी बनते हे पाहिले तर शंका फारशी टिकत नाही. अशी बोली नेहमीच्या भाषेचाच सांगाडा ठेवते आणि वरचे शब्द बदलते. निहालीत ‘मी’ म्हणायला स्वतःचा शब्द आहे, जो. तिला स्वतःचे विभक्तिप्रत्यय आहेत. कोरकूचे किंवा मराठीचे व्याकरण घेऊन तिची उकल होत नाही. आता बहुतेक अभ्यासक तिला स्वतंत्र, एकाकी भाषा मानतात. संकेतबोलीची कल्पना मागे पडली, हे चांगलेच झाले. दोन हजार माणसांच्या मातृभाषेला चोरांची बोली म्हणायचे तर त्याला याहून भक्कम पुरावा हवा.

एका मराठी बाईचे नाव इथे घेतलेच पाहिजे. आशा मुंडले यांनी १९६० च्या दशकात या भागात राहून निहालीचे शब्द गोळा केले. त्यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये प्रकाशित झाला. निहाल कोण आहेत आणि नेमके काय बोलतात, असा सरळ प्रश्न घेऊनही त्यांनी लेखन केले. तो प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण निमाडात नहाल नावाचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण खानदेशी वळणाची, आर्य कुळातली बोली बोलतात. तिलाही नहालीच म्हटले जाते. नावाच्या या सारखेपणामुळे लोकसंख्येचे आकडे वारंवार फसले आहेत. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या के. एस. नागराज यांनी आधी कोरकूचे आणि मग निहालीचे व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असे काम केले. निहालीवरचा त्यांचा ग्रंथ म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये काढला. त्याच कॉलेजातल्या शैलेंद्र मोहन यांनी निहालीची ध्वनी आणि चित्रमुद्रणे केली आहेत.

एकाकी भाषा जगात थोड्याच आहेत असे नाही, पण आपल्या उपखंडात त्या फार कमी. पाकव्याप्त काश्मीरच्या हुंझा-नगर खोऱ्यातली बुरुशास्की, नेपाळातली कुसुंडा आणि वऱ्हाडच्या पायथ्याची निहाली या तिघींचीच नावे प्रामुख्याने घेतली जातात. बुरुशास्कीला लाखभर बोलणारे आहेत. कुसुंडाची अस्खलित वक्ती ग्यानी मैया सेन २०२० मध्ये वारली आणि ती भाषा अगदी मोजक्या तोंडांवर आली. याच कुसुंडाविषयी २००४ साली काही संशोधकांनी दावा केला होता, की तिचे नाते न्यू गिनी बेटावरच्या पापुअन भाषांशी आणि अंदमानी भाषांशी आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी तो मानला नाही. निहालीलाही जपानच्या ऐनू भाषेपर्यंत नाती जोडण्याचे प्रयत्न झाले, तेही टिकले नाहीत. नाते सापडत नाही ही गोष्ट माणसाला बेचैन करते, म्हणून असे दावे होत राहतात. पण चार शब्दांच्या साम्यावर सोयरीक जमवण्यापेक्षा ‘ठाऊक नाही’ म्हणणे अधिक प्रामाणिक आहे.

पापुआचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. पापुआ न्यू गिनी या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत आणि त्यांतल्या कित्येक एका-दोन गावांपुरत्या. त्यांतलीच एक तायाप, गापुन नावाच्या खेड्यातली, तीही एकाकी. मानवशास्त्रज्ञ डॉन क्युलिक १९८० च्या दशकात त्या गावात जाऊन राहिले. बाहेरून कोणी तायापवर बंदी घातली नव्हती, कोणी आक्रमण केले नव्हते. तरी त्यांना आढळले, की दहा वर्षांखालचे एकही मूल तायाप बोलत नाही. आईबाप मुलांशी बोलताना नकळत टोक पिसिन या देशभर चालणाऱ्या भाषेकडे वळत होते आणि वर म्हणत होते, की पोरेच हट्टी आहेत, तायाप बोलत नाहीत. आज ती येणारी माणसे पन्नासही उरलेली नाहीत. लहान भाषा कशी जाते हे समजण्यासाठी गापुनचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे. ती रणांगणावर मरत नाही. चुलीपुढे, मुलाला हाक मारताना, एका पिढीत सुटते.

निहालीची गोष्ट याहून थोडी वेगळी, आणि म्हणून आशा ठेवण्याजोगी आहे. निहाल समाज शतकानुशतके कोरकूंच्या शेजारी राहिला, तोही बरोबरीच्या नात्याने नाही. कोरकू गावांत निहाल हा हलकी कामे करणारा, कोरकूंपेक्षा खालचा मानला जाई. रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात तर निहालांना भिल्ल आणि कोरकूंच्या मिश्रणातून झालेली जमात म्हणून निकालात काढले आहे. अशा जागी राहायचे तर वरच्याची भाषा यावीच लागते. प्रत्येक निहाल माणूस कोरकू शिकला. बाजारासाठी, सावकारासाठी, सालदारकीसाठी वऱ्हाडी शिकला. बुऱ्हाणपूरकडच्याने हिंदी-निमाडी शिकली. आणि एवढे सगळे करून घरी निहाली ठेवली. एकभाषी निहाल सापडणे जवळपास अशक्य. ज्या लोकांना कोणी शिकलेले म्हणत नाही, ते तीन-चार वेगवेगळ्या कुळांच्या भाषा रोज सहज वापरतात.

म्हणून परके शब्द घेतल्याने निहाली भ्रष्ट झाली, ही तक्रार निरर्थक आहे. शब्द घेत राहिली म्हणूनच ती जगली. बैलगाडी आली, कापूस आला, तहसील आली, मोबाइल आला, त्या त्या वेळी तिने शेजाऱ्याचा शब्द घेतला आणि त्याला आपले प्रत्यय लावले. मराठीने फारसीचे याहून वेगळे काय केले? वकील, जमीन, कागद, शहर म्हणताना मराठी माणसाला आपली भाषा बुडाल्यासारखे वाटत नाही.

धोका वेगळ्या बाजूने आहे. युनेस्कोच्या नकाशात निहाली अत्यंत संकटग्रस्त भाषांत मोडते, आणि केंद्र सरकारने त्याआधारे दिलेल्या ४२ भाषांच्या यादीत महाराष्ट्राच्या नावापुढे एकटी निहाली आहे. महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांना हे माहीत असेल. अकोल्या-अमरावतीच्या महाविद्यालयांत मराठीच्या तासाला वऱ्हाडी बोलीवर भरभरून बोलले जाते, ते योग्यच. पण वऱ्हाडाच्या मातीत एवढी दुर्मीळ भाषा नांदते आहे हे विद्यार्थ्याच्या कानावर पडत नाही.

शाळेतला प्रश्न तर अधिक बिकट. निहाल मूल पहिलीत जाते तेव्हा घरात निहाली, गावात कोरकू, रस्त्यावर वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. ‘मले समजलं नाई’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी पोराचीच जिथे भाषा दुरुस्त केली जाते, तिथे निहाली पोराने काय म्हणावे? त्याची भाषा चूक ठरवायलाही कोणाला ती येत नाही. पुस्तकातली मराठी ही त्याची तिसरी किंवा चौथी भाषा असते आणि मूल गप्प राहिले की शेरा मिळतो मंद असल्याचा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्या म्हणते. दोन हजारांच्या भाषेत पाठ्यपुस्तके काढणे कदाचित जमणार नाही. पण पहिल्या दोन वर्षांत गावातलीच निहाली बोलणारी एक मदतनीस बाई वर्गात बसवणे, तिच्या तोंडून चार गोष्टी मुलांना ऐकवणे, हे कोणत्याही जिल्हा परिषदेला जमण्यासारखे आहे.

दुसरा धक्का बसतो स्थलांतराचा. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड आणि पुढे गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा यांसारखी गावे उठवून अकोला जिल्ह्यातल्या अकोट-तेल्हाऱ्याकडे सपाटीवर आणली गेली. यांत मुख्यतः कोरकू कुटुंबे. जमीन, पाणी, आरोग्य यांच्या तक्रारी घेऊन त्यांतले काही लोक पुन्हा डोंगरात गेले आणि २०१९ च्या जानेवारीत वनखात्याशी संघर्षही झाला. या साऱ्या वादात वाघ आणि जमीन यांची चर्चा झाली, भाषेची जवळपास नाहीच. तरी २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांवर होते. दहा गावे हलली तरी कोरकूला मागे शेकडो गावे उरतात. निहालीला तसे पाठबळ नाही. तिच्या गावांपैकी काही अंबाबरवा अभयारण्याच्या परिसरात येतात आणि ते अभयारण्यही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. निहालीचे एक गाव विखुरले, वीस घरे वीस ठिकाणी कामाला गेली, तर तेवढ्यानेच भाषेचा मोठा हिस्सा गेला. भाषा बोलायला निदान शेजारचे घर लागते.

आणि तिसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहालांना स्वतंत्र नोंद नाही. कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नहुल अशा एकाच ओळीत ते येतात. सवलतींच्या दृष्टीने यात तोटा नसेल, पण ओळख मात्र कोरकूंत विरून जाते. जनगणनेत याहून वाईट होते. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ निघाली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या गेल्या आणि शेवटी दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा १२१ भाषांचे आकडे प्रसिद्ध झाले. १९७१ पासून दहा हजारांची ही मेख आहे. दोन-अडीच हजारांची निहाली त्या गाळणीतून कधीच वर येत नाही. ‘इतर’ या शब्दाखाली ती जाते. त्यातून निहाल घरातला माणूसही विचारणाऱ्यापुढे संकोचाने ‘कोरकू’ किंवा ‘मराठी’ सांगून मोकळा होतो, कारण निहाली सांगितली तर पुढचा प्रश्न येतो, ‘हे काय असते?’

नवी जनगणना २०२७ मध्ये होते आहे. प्रगणक म्हणून दारात येणारे बहुतेक शिक्षक असतील, म्हणजे जळगाव जामोद-संग्रामपूरकडचे वऱ्हाडी बोलणारेच. त्यांनी सोनबर्डीत, चालठाण्यात, चिचारीत मातृभाषेचा रकाना स्वतःच्या अंदाजाने भरू नये. घरात आजी नातवाशी काय बोलते ते विचारावे आणि उत्तर निहाली किंवा कल्टो आले तर तेच लिहावे. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या प्राध्यापकांनी, पत्रकारांनी, ग्रामसेवकांनी ही गोष्ट त्या गावांत आधीच पोचवावी. आकडा दहा हजारांना पोचणार नाही, प्रसिद्ध यादीतही येणार नाही. पण कच्च्या नोंदीत तरी तो खरा लागला पाहिजे.